फट परत इली: चार दाढा काढल्या, कागदावर टक्का सुधारला, पण पुढचे दात काही जुळेनात

"मॅडम, फट परत इली."

खुर्चीत बसता बसताच तिने सांगितलं, आणि मी आरसा हातात घ्यायच्या आधीच मला कळलं होतं कुठली फट ते. वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या शेजारी जो छोटा दात असतो ना, लॅटरल, त्याच्या आणि सुळ्याच्या मधे. उजवीकडे १ मिमी, डावीकडे जरा जास्त. ही तिसरी वेळ. दर वेळी मी पॉवर चेन, म्हणजे दात एकमेकांकडे ओढणारी रबराची साखळी, लावायची, फट मिटायची, पोरगी खूश होऊन घरी जायची आणि पुढच्या फेरीला चेन सैल झाली की फट जागच्या जागी. तारा लावून २० महिने झाले होते. आई दाराशी उभी, हातात पिशवी, आणि तोंडावर ते, "आता तार कधी सुटतली?"

ही केस सविस्तर लिहितेय कारण चूक माझी होती, आणि ती हाताची नव्हती, गणिताची होती. तेच गणित अजून बरेच जण तसंच करत असतील असं मला वाटतं. मुलगी आणि आई दोघींना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मी दात सरळ करणारी डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. कुडाळला असते, मालवणात महिन्यातून दोन गुरुवार एका क्लिनिकला जाते. मुलगी आली तेव्हा १६ वर्षांची, वडील रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), आई सुकी मासळी विकणारी. तक्रार एकच, दात पुढे आहेत आणि ओठ मिटत नाहीत, फोटो काढताना हात तोंडावर जातो. तपासलं तर दाढांचं नातं क्लास वन, म्हणजे मागे सगळं ठीक. वर साधारण ५ मिमी गर्दी, खाली ६ मिमी. ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते अंतर, ४ मिमी. वरचे खालचे दोन्ही पुढचे दात पुढे झुकलेले, ओठ मिटवायला गेली की हनुवटीवर सुरकुत्या पडायच्या. गर्दी सोडवायची आणि शिवाय दातही मागे न्यायचे तर जागा पाहिजे, आणि इतकी जागा नुसतं घासून किंवा जबडा रुंदावून मिळत नाही. चार प्रीमोलर काढायचे ठरले, सुळ्यामागची पहिली छोटी दाढ, चारी बाजूंनी एकेक.

आईने लगेच विचारलं, "किडलेले नाय, हलनारे नाय, मगे बरे दात कित्याक काढूचे?"

प्रश्न रास्त आहे आणि जुना पण आहे. आमच्या शास्त्राचा मूळपुरुष एडवर्ड अँगल, त्याचं म्हणणं देवाने दिलेले सगळे दात ठेवूनच दात सरळ झाले पाहिजेत. १९११ साली अमेरिकेत यावरून केल्विन केस (हा दात काढायच्या बाजूचा डॉक्टर) आणि अँगलच्या गटाची जाहीर भांडणं झाली. मग अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड, त्याला दिसलं की दात न काढता केलेल्या आपल्याच केसेस परत बिघडतायत, दात पुढे येतायत, तर त्याने त्या पेशंटचे प्रीमोलर काढून परत ट्रीटमेंट केली आणि १९४० च्या दशकात ती सगळ्यांसमोर मांडली. हे सगळं मी आईला नाही सांगितलं अर्थात. तिला म्हटलं, बाकावर सात जणांची जागा आहे आणि आठ जण बसलेत, म्हणून पुढचे दोघे बाकाबाहेर लोंबकळतायत, एकाला उठवला की सगळे मागे टेकून बसतील. "मगे बरा," म्हणाली, पण पटलं होतं असं नाही.

आता मोजमाप, कारण सगळं त्यातच आहे.

अल्जिनेटचं माप घेतलं, तिथल्या तिथे प्लास्टर ओतलं. मालवणच्या मे महिन्यात माप घेऊन कुडाळपर्यंत नेलं तर वाटेतच आक्रसतं, हा धडा मी आधीच घेतलाय. घरी डिजिटल कॅलिपरने एकेक दात मोजला, दोनदा, दोन वेगळ्या दिवशी, आणि सरासरी धरली. वरचे मोठे पटाशीचे दोन्ही ८.६. लॅटरल ६.१ आणि ६.०. सुळे ७.७. वरच्या पुढच्या सहा दातांची बेरीज ४४.७ मिमी. खालचे मधले दोन ५.४, त्यांच्या बाजूचे ६.०, सुळे ६.८, बेरीज ३६.४. मागे वरच्या पहिल्या प्रीमोलर ७.२, दुसऱ्या ६.८, दाढा १०.२. खाली पहिल्या ७.१, दुसऱ्या ७.३, दाढा ११.०. डाव्या उजव्या बाजूत फरक नव्हता म्हणावा इतका. पहिल्या दाढेपासून पहिल्या दाढेपर्यंत १२ दात, वर ९३.१ आणि खाली ८७.२.

पुढे ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. वरचे दात खालच्या दातांना बाहेरून वेढतात, डब्याचं झाकण डब्याला वेढतं तसे. म्हणून वरच्यांची बेरीज जास्तच पाहिजे, पण किती जास्त याला प्रमाण आहे. वेन बोल्टन नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने १९५८ साली उत्तम चावा असलेल्या ५५ केसेस मोजल्या आणि खालच्या बेरजेला वरच्या बेरजेने भागून शंभरने गुणलं. १२ दातांचं प्रमाण सरासरी ९१.३ टक्के आलं, पुढच्या सहा दातांचं ७७.२. त्याच्या नमुन्यात १२ दातांचं प्रमाण ८७.५ ते ९४.८ मधे होतं आणि पुढच्या सहाचं ७४.५ ते ८०.४ मधे. झाकण लहान किंवा डबा मोठा असेल तर टक्का वर जातो, आणि मग तुम्ही कितीही छान तारा वळवा, झाकण बसत नाही.

माझ्या मुलीचा १२ दातांचा टक्का आला ९३.७, जरा वर पण बोल्टनच्या पट्ट्यात. पुढच्या सहाचा ८१.४, पट्ट्याच्या बाहेर. मिमीमधे सांगायचं तर वरच्या ४४.७ ला खाली ३४.५ शोभले असते, होते ३६.४, म्हणजे खालचे १.९ मिमी जास्त. किंवा उलट बाजूने, खालचे बरोबर धरले तर वर ४७.१ पाहिजेत, म्हणजे वरचे जवळजवळ अडीच मिमी कमी. दोषी कोण ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं, ते दोन लॅटरल. शेजारचा ८.६ चा आणि हे ६ चे, थोरल्या भावाशेजारी धाकटं उभं असावं तसे.

हे सगळं मी फाईलमधे लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात. आणि तरी चुकले.

चुकले ती अशी. दात काढायचे ठरल्यावर मी काढलेले दात वजा करून परत टक्का काढला. वर ९३.१ मधून १४.४ गेले, राहिले ७८.७. खाली ८७.२ मधून १४.२ गेले, राहिले ७३.०. टक्का ९२.८. आधी ९३.७ होता, आता ९२.८, म्हणजे ९१.३ च्या जवळ आलो की! मिमीमधे पाहिलं तर आधी खालचे २.२ मिमी जास्त येत होते, आता ९१.३ च्या हिशोबाने १.१५ च. दीड दोन मिमीच्या आतला फरक तारेने, थोडा टॉर्क (दाताचा आतबाहेरचा कल) थोडा टिप (बाजूचा कल) करून सांभाळता येतो असं आम्ही सगळेच मानतो. शिवाय हेही वाचलेलं होतं की प्रीमोलर काढले की ओव्हरऑल रेशो, म्हणजे १२ दातांचा टक्का, खाली येतो आणि खालचे दात जास्त असलेल्या पेशंटना त्याचा फायदा होतो. मी फाईलमधे ओळ टाकली, "एक्स्ट्रॅक्शननंतर बोल्टन स्वीकारार्ह", म्हणजे दात काढल्यावरचं प्रमाण चालेल, खाली रेघ मारली आणि विषय संपवला. ती ओळ आजही तिथे आहे, मी खोडली नाही.

पुढचे १६ महिने सरळ गेले. दात त्या क्लिनिकच्या डॉक्टरांनी दोन बैठकीत काढले. मी ते चारी दात बाटलीत मागून घेतले, पुढे उपयोग झाला. नायटीनॉलच्या वायरने गर्दी सुटली, मग एकोणीस-पंचवीस मापाच्या स्टीलच्या तारेवर पुढचे सहा दात मागे ओढायला सुरुवात केली. मधे गणपती आले, मग मुंबईची मावशी आली, मग अंगणेवाडीच्या जत्रेत खाजा खाऊन दाताला चिकटवलेले दोन ब्रॅकेट पडले. खाजा म्हणजे काय हे मालवणाबाहेरच्या लोकांना सांगायला पाहिजे, गूळ आणि आलं लावलेल्या बेसनाच्या कांड्या, ताज्या असतील तर खुसखुशीत पण दोन दिवसांनी बांधकामाला वापरता येतील इतक्या कडक. ऑर्थोडॉन्टिस्टचा खरा शत्रू. असो. ओठ मिटायला लागले, हनुवटीची सुरकुती गेली, आई पहिल्यांदा हसून बोलली.

काढलेल्या दातांची जागा मिटत आली तेव्हा ही फट दिसायला लागली. सुळे क्लास वन, दाढा क्लास वन, मधली रेघ जुळलेली, सगळं पुस्तकात दाखवतात तसं, फक्त लॅटरलच्या मागे दोन्हीकडे फट. चेनने ओढली की वरचे पटाशीचे दात मागे येऊन थेट खालच्यांवर टेकायचे, कडेवर कड. ओव्हरजेट शून्य. खालच्या ब्रॅकेटला वरचे दात लागायचे, बोट ठेवून चावायला सांगितलं तर दात थरथरताना बोटाला कळायचं. मग चेन सैल पडली की चावण्याच्या दाबाने दात पुढे आणि फट उघडी. पोरीचं म्हणणं, "ह्या फटीत सारख्या काय ना काय अडाकता," आणि सुक्या मासळीचं घर म्हटल्यावर काय अडकत असेल ते वेगळं सांगायला नको.

मी आधी तिला दोष दिला. तारखा चुकवते. मग चेनला दोष दिला, मग जिभेला, गिळताना जीभ पुढे लावते का म्हणून तिला पाण्याचे घोट गिळायला लावले, जीभ सरळ होती बिचारीची. मग टॉर्कवर संशय घेतला, आणि तो संशय बरोबर दिशेचा होता, कारण वरचे पुढचे दात फार सरळ उभे राहिले तरी ते कमी जागा व्यापतात आणि अशीच फट दिसते. सेफ, म्हणजे डोक्याचा बाजूने एक्स-रे, काढला. टॉर्क ठीक होता.

शेवटी एका रात्री जुनं प्लास्टर मॉडेल काढून सेटअप करायला बसले. केसलिंगचा सेटअप म्हणजे प्लास्टरचे दात एकेक करून बारीक करवतीने कापायचे, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर घालायचा आणि गुलाबी मेणात परत हवे तसे रचायचे. कॉलेजात कंटाळून केलेलं काम. पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, मेण मऊ ठेवायला मेणबत्ती होतीच तिचाच उजेड. खालचे सहा दात आधी रचले, कॉन्टॅक्टला कॉन्टॅक्ट, मग वरचे सुळे क्लास वनमधे बसवले, दोन मोठे दात मधल्या रेघेला टेकवून बसवले, ओव्हरजेट २ मिमी ठेवला. मग लॅटरल उचलला आणि राहिलेल्या जागेत ठेवला. तो त्या जागेत अक्षरशः हलत होता. दुसरीकडचा पण. मेणाला चेन नव्हती, जीभ नव्हती, चुकवलेल्या तारखा नव्हत्या, आणि फट तीच. कॅलिपर लावला, दोन्हीकडची मिळून सव्वादोन मिमी.

मग फाईल उघडली आणि ती रेघ मारलेली ओळ वाचली.

आता गणित कुठे चुकलं ते. दोन टोपल्या घ्या, एकीत १०० बांगडे, दुसरीत ९१. दुसरी पहिलीच्या ९१ टक्के. दोन्हीतून २०-२० बांगडे काढा. राहिले ८० आणि ७१. आता टक्का ८८.७५. टक्का खाली आला, पण फरक होता ९ बांगड्यांचा, आहे ९ बांगड्यांचाच. कुणाचं काही सुधारलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. लहान संख्येतून आणि मोठ्या संख्येतून सारखंच वजा केलं की टक्का घसरतो, एवढंच. प्रीमोलर काढल्यावर ओव्हरऑल रेशो खाली येतो त्याचं मुख्य कारण हेच, बेरीज वजाबाकीचं आहे.

म्हणून काढल्यानंतरच्या टक्क्याला ९१.३ शी ताडून बघणं मुळातच चूक. बोल्टनच्या त्या ५५ केसेसमधल्या ४४ जणांची ट्रीटमेंट झालेली होती पण दात न काढता, आणि ११ जणांची ट्रीटमेंटच झाली नव्हती. म्हणजे ९१.३ हा १२ च्या १२ दात असलेल्या तोंडाचा आकडा आहे, वर १० आणि खाली १० राहिलेल्या तोंडाचा नाही. हे बोल्टनने स्वतः १९६२ च्या लेखात सांगून ठेवलंय, चार प्रीमोलर काढल्यावर ८७ ते ८९ टक्के अपेक्षित धरा म्हणून. हे मी परीक्षेत लिहिलंय सुद्धा. मार्कही मिळाले असतील. ८८ शी ताडलं असतं तर माझे ९२.८ जवळजवळ ५ टक्के वर दिसले असते आणि खालचे ३.७ मिमी जास्त निघाले असते, रेघ मारायची हिंमत झाली नसती.

पण खरं सांगायचं तर ८८ वरही मी आता डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. प्रत्येकाच्या प्रीमोलर वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकाचा काढल्यानंतरचा आदर्श टक्का वेगळा. तो काढायला दोन मिनिटं लागतात. हिचे वरचे १२ दात ९३.१, त्याला ९१.३ टक्क्यांनी खाली ८५.० शोभले असते. आता दोन्हीतून हिचेच प्रीमोलर वजा करा, ७८.७ आणि ७०.८. टक्का ९०.० च्या आसपास. म्हणजे हिचा घरचा आकडा ९०, आणि प्रत्यक्षात ७३.०, जास्तीचे किती? २.२ मिमी. जे दात काढण्याआधी होते तेच. मी ९१.३ लावून ते १.१५ केले होते, कागदावर, एका रेघेत.

आणि दुसरी गोष्ट तर इतकी साधी की लिहायला लाज वाटते. फट पुढच्या सहा दातांत होती. पुढच्या सहातला एकही दात मी काढला नव्हता. ८१.४ होते ते ८१.४ च राहणार, प्रीमोलर चार काढा नाहीतर आठ काढा. १२ दातांचा टक्का जरा बरा दिसला म्हणून मी पुढच्या सहाच्या आकड्याकडे बघणंच सोडलं, जणू मागच्या दाराने दोन माणसं गेली म्हणून पुढच्या खोलीतली गर्दी कमी होणार होती.

त्या रात्री मग झोप नव्हतीच, तर उरलेले सगळे पर्याय पण लावून बघितले, आणि त्यातला एक पाहून अंगावर काटा आला. समजा पहिल्याऐवजी चारही दुसऱ्या प्रीमोलर काढल्या असत्या. वर ९३.१ वजा १३.६, राहिले ७९.५. खाली ८७.२ वजा १४.६, राहिले ७२.६. टक्का? ९१.३. दशांशापर्यंत बोल्टन! खालची दुसरी प्रीमोलर पहिलीपेक्षा बहुतेक वेळा थोडी मोठी असते आणि वरची दुसरी पहिलीपेक्षा थोडी लहान, म्हणून दुसऱ्या काढल्या की खालून जास्त जातं, वरून कमी. हा फायदा खराच आहे, मागच्या बाजूला दात जास्त नीट जुळतात. पण पुढचे सहा? तेच ८१.४. कागद म्हणाला असता सगळं आदर्श, आणि पोरगी म्हणाली असती फट परत इली. शिवाय दुसऱ्या प्रीमोलर काढल्या की दाढा जास्त पुढे सरकतात, पुढचे दात कमी मागे जातात, आणि हिला तर मागेच न्यायचे होते, म्हणजे टक्क्यासाठी ओठ गमावले असते. वरून पहिल्या आणि खालून दुसऱ्या काढल्या तर ९२.२ येतो, मधलं काहीतरी.

खालचा एकच पटाशीचा दात काढायचा पर्याय कुणीतरी विचारणारच. जिथे खालचे पुढचे दात खूपच जास्त असतात, ४-५ मिमी वगैरे, तिथे तो छान चालतो, कारण एका खालच्या दाताची रुंदीच तेवढी असते. हिचे जास्तीचे १.९. ५.४ चा दात काढला असता तर पुढचा टक्का ८१.४ वरून धाडकन ६९.४ वर, म्हणजे आता खालचेच साडेतीन मिमी कमी, ओव्हरजेट वाढलेला, खालची मधली रेघ बेपत्ता. आणि वरचे दात मागे नेणं राहिलंच. आणि फक्त वरचे दोन प्रीमोलर काढायचे म्हटलं तर १२ दातांच्या टक्क्याला अर्थच उरत नाही, ११० च्या वर जातो, तिथे दाढा क्लास टूमधेच, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांपेक्षा पुढे ठेवूनच, संपवायच्या असतात आणि बघायचा फक्त पुढचा टक्का. हिला तो पर्याय नव्हताच.

बाटलीतले चार दात पण बाहेर काढले तेव्हा. वाटलं मुळात माझं माप तर चुकलं नसेल, प्लास्टरवर गर्दीतल्या दाताला कॅलिपरचं टोक नीट जात नाही बऱ्याचदा. हातातल्या दाताला सगळ्या बाजूंनी लावून बघितलं. ७.२, ७.२, ७.१, ७.०. एकात ०.१ चा फरक. माप बरोबर होतं. दुसरीकडे ढकलायला काही उरलं नाही.

पुढच्या गुरुवारी आईला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं. सेटअपचं मेणाचं मॉडेलच घेऊन गेले होते, मुलीने तो हलणारा लॅटरल बोटाने हलवून बघितला. मी म्हटलं वरचे हे दोन दात मुळातच बारीक आहेत, हे मला सुरुवातीलाच कळायला हवं होतं, कळलंही होतं, पण मी समजले की दाढा काढल्याने ते भागेल. आई थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "म्हंजे ते चार दात फुकट गेले?" नाही, म्हटलं, ते ओठांसाठी गेले, ओठ मिटतायत ना. फुकट गेले ते माझे चार महिने आणि तुमच्या कुडाळ-मालवण फोनचे पैसे. हे तिला आवडलं.

पर्याय दोन होते. एक, खालचे पुढचे दात आजूबाजूने किंचित घासायचे, १.९ मिमी पाच कॉन्टॅक्टमधे वाटली तर एकेकात ०.४ च्या आत बसते, खर्च नाही, एका बैठकीत काम. दोन, वरचे लॅटरल कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, रुंद करायचे. घासणं सोपं होतं पण हिचे खालचे दात सरळ बाजूंचे, त्रिकोणी नाहीत, तिथे इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, उदारपणे सोडायला मन होत नव्हतं, आणि घासून सगळं जुळवलं तरी ते दोन धाकटे दात धाकटेच दिसले असते. म्हणून मुख्य काम कॉम्पोझिटने करायचं ठरलं आणि थोडंसंच घासायचं.

यात एक बारकावा आहे जो घाईत निसटतो. फट सगळी लॅटरलच्या मागे होती. तिथेच कॉम्पोझिट भरलं तर दात एका बाजूने फुगतो, गालफुगी झाल्यासारखा. म्हणून आधी लॅटरल ब्रॅकेटसकट अर्धा मिमी मागे सरकवले, बारीक कॉइल स्प्रिंग घालून, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा वाटली गेली. सहा आठवडे गेले त्यात. फट उघडीच ठेवतेय म्हटल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग दोन्ही लॅटरल ७.० पर्यंत वाढवले, खाली सुळा आणि त्याच्या शेजारच्या दातामधे दोन्हीकडे ०.२ मिमी घासलं, पट्टीने. वरची बेरीज ४६.६, खालची ३६.०, टक्का ७७.३. दहा-दहा दातांचा टक्का ९०.१. ८८ गाठायचाच हट्ट धरला असता तर खालून अजून १.७ मिमी घासावं लागलं असतं, कशासाठी? चावा बसला होता, ओव्हरजेट २ मिमी, बोट ठेवलं तर थरथर नाही.

कॉम्पोझिटचे पैसे मी घेतले नाहीत. २४ व्या महिन्यात तारा सुटल्या. सुरुवातीलाच हे ओळखून लॅटरलच्या बाजूला स्प्रिंगने जागा राखली असती तर २० व्या महिन्यात सुटल्या असत्या.

आता फाईलमधे मी एक्स्ट्रॅक्शननंतरचा टक्का लिहितच नाही, लिहिते तो मिमी, आणि पुढच्या सहाचा वेगळ्या ओळीत, लाल पेनाने. काढायच्या दातांच्या जोड्या सगळ्या लावून बघते पण त्या ओळीनंतर. लॅटरल बारीक दिसले की प्लास्टर कापायला बसते, मग रात्र होवो.

वर्षानंतर ती आली होती रीटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, दाखवायला. खालचा मागून चिकटवलेला जागच्या जागी, वरचा काढघालीचा, रात्री घालते म्हणते. फट नव्हती, फ्लॉस दोन्हीकडे टक् करून गेला. डाव्या लॅटरलचा कॉम्पोझिटचा कोपरा मात्र उडाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मी विचारलं कसं झालं. ती आईकडे बघायला लागली, आई छताकडे.

अंगणेवाडी होऊन आठच दिवस झाले होते.